संध्याकाळी येते ती

रविवारचं जेवण उरकून खारूनं टेबल पुसलं आणि बाबांचा जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर काढला. पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराच्या बाईंना मुलांना गाणी ऐकवायला, चित्रं दाखवायला एखादं जुनंपानं यंत्र हवं होतं. सोमवारी सकाळी आणून देते, असं खारू त्यांना बोलून बसली होती. काम तसं दोन तासांचं. जुनं सगळं पुसायचं, लिनक्स घालायचं आणि चालू होतंय ना ते बघायचं. लिनक्स ही फुकट मिळणारी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली सिस्टीम. जुन्या यंत्रांवरही ती निमूट चालते. कॉलेजच्या लॅबमध्ये असल्या शंभर यंत्रांना खारूनं हात लावला होता.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती गालात खाऊ कोंबून घरभर पळायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. ते असं चिकटलं की पस्तिशी उलटली तरी लॅबमध्येसुद्धा सगळे तिला खारूच म्हणत. आई ती शाळेत असतानाच गेली. मग घरात बापलेक दोघंच. बाबा भारी बोलके. दाराशी पत्र टाकायला आलेल्या माणसालाही अर्धा तास उभं ठेवतील असे. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सहा वर्षं ते आतल्या खोलीत पलंगावर होते. आठ महिन्यांपूर्वी गेले.

त्या सहा वर्षांत खारूनं काय काय सोडलं हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. ठरत आलेलं लग्न राहिलं. पूर्ण वेळाची नोकरीही गेली असती, पण लॅबचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी वर सांगून तिला दुपारी एक ते चार एवढंच काम लावून दिलं. ती बाबांना जेवू घालायची, कूस बदलून द्यायची, दाराला बाहेरून कुलूप लावून जायची आणि चारच्या ठोक्याला घराकडे निघायची.

लॅपटॉप बाबांच्या खोलीत आला तो पहिल्या वर्षी. बोलणं परत यावं म्हणून ज्या स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या, त्यांनी त्यात एक साधा प्रोग्रॅम घातला होता. खोलीत काही आवाज झाला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू व्हायचं, बराच वेळ शांतता झाली की बंद. बाबांनी बोलायचा सराव करायचा आणि बाईंनी तो नंतर ऐकायचा, अशी कल्पना. वर्षभरात बाबांनी एक अक्षर उच्चारलं नाही. बाईंनी हात टेकले आणि यायच्या बंद झाल्या. लॅपटॉप मात्र पलंगाशेजारच्या स्टुलावर तसाच चालू राहिला. खारू कधीमधी त्यावर जुनी गाणी लावून द्यायची. बाबा गेले त्याच आठवड्यात त्यातली जुनी सिस्टीम सुरू व्हायची थांबली आणि तो कपाटात गेला.

तिनं पेन ड्राइव्ह लावला. पहिली, अगदी नवी आवृत्ती लगेच म्हणाली, हा प्रोसेसर फार जुना, मी याच्यावर चालणार नाही. ते अपेक्षितच होतं. तिनं जुन्या प्रोसेसरांसाठीची आवृत्ती उतरवून घेतली. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या: पीएई नावाची क्षमता हवी, या प्रोसेसरमध्ये ती आढळत नाही. आणि सगळं तिथेच थबकलं.

खारूनं दुसऱ्या बनावटीची सिस्टीम घालून पाहिली. त्याच दोन ओळी. मागचं झाकण उघडून मेमरीची पट्टी काढली, पुसली, परत बसवली. आतल्या घड्याळाचा बारका सेल बदलला. पंख्यातली धूळ फुंकली तेव्हा तिच्या तोंडावर मालिशच्या तेलाचा वास आला. बाबांच्या खोलीचा वास. सहा वर्षं तो पंखा तीच हवा आत ओढत होता. तिनं मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, झोपमोड केली का?"

"रविवारी दुपारी जागा असलेला माणूस दाखव मला एखादा. बोल."

तिनं पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवल्या. पलीकडून हसल्याचा आवाज आला.

"अगं, खोटारडा आहे तो."

"कोण?"

"प्रोसेसर. त्या काळात त्या जातीचे थोडे निघाले होते. क्षमता अंगात आहे, पण सिस्टीमनं विचारलं की नाही म्हणतात. सिस्टीम बिचारी विश्वास ठेवते आणि थांबते."

"मग करायचं काय?"

"त्याचं ऐकायचं नाही. सुरू होताना जी ओळ येते ना, तिच्या शेवटी 'फोर्स पीएई' टाक. म्हणजे, तू काही म्हण, मी पुढे जाणार. सिस्टीम कुरकुर करेल, काही झालं तर जबाबदारी तुझी म्हणेल. म्हणू दे तिला."

"बरं."

"आणि पुसण्याआधी जुनी डिस्क बघून घे, खारू. बाबांचं काही असेल त्यात."

तिनं तो शब्द टाकला. पंखा घरघरला. पडद्यावर ताकीद उमटली, की तुम्ही हे स्वतःच्या जोखमीवर करत आहात. आणि पाठोपाठ ओळींमागून ओळी धावत सुटल्या. पाच मिनिटांनी निळसर पडदा उघडला. सगळं ठीक चाललं होतं. क्षमता होतीच.

जुनी डिस्क तिनं सहज उघडली. 'सराव' नावाचा फोल्डर होता. त्यात पहिल्या वर्षाच्या चाळीस-पन्नास फाइली असतील असं तिला वाटलं होतं. होत्या चार हजारांवर. प्रोग्रॅम कुणी बंदच केला नव्हता. शेवटच्या फाइलीवर बाबा गेले त्या दिवसाची तारीख होती.

तिनं मधलीच एक लावली. सकाळची. तिचाच आवाज: "बाबा, मान उचला थोडी... हां. बास." मग एक संध्याकाळची. "आज काय झालं माहितीये का लॅबमध्ये?" असं म्हणून ती काहीतरी सांगत होती, एकटीच हसत होती आणि शेवटी म्हणत होती, "एक शब्द बोला ना हो. शिवी द्या हवं तर." त्यावर काही नाही. नुसता श्वास. खारूनं ती अर्ध्यावर थांबवली. स्वतःचा तो आर्जवी आवाज तिला ऐकवेना.

मग तिचं लक्ष वेळांकडे गेलं. सकाळच्या होत्या, संध्याकाळच्या होत्या आणि तेवढ्याच दुपारच्या होत्या. दीड वाजता. दोन वीस. तीन. त्या वेळी तर घराला कुलूप असायचं.

तिनं दुपारची एक लावली.

"आलीस? ये. बस अशी इथे." बाबा म्हणाले. "आज पायाला जरा आराम आहे."

आवाज स्वच्छ होता. झटक्याआधी होता तसा, किंचित घोगरा, शब्द चघळत बोलणारा. कुठे अडखळणं नाही, तोतरेपणा नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी केली, त्या आवाजानं खारू दचकली.

ती ऐकत गेली. पाच, दहा, वीस. बाबा हवामानावर बोलत होते. तिच्या आईबद्दल बोलत होते. जुना विनोद सांगून स्वतःच आधी हसत होते. मधे थांबत, कुणाचं तरी ऐकल्यासारखे, आणि मग "हो, तेही खरंच," म्हणत. एका फाइलीत ते म्हणाले, "तिचं काय, ती चारनंतर येईल. तोवर आपण आहोत."

ती म्हणजे खारू. मोलकरणीबद्दल बोलावं तसं ते बोलले होते.

खारूला आधी रडू आलं नाही. कानशिलं तेवढी तापली. सहा वर्षं तिनं त्या तोंडात भाताचे मऊ घास घातले होते, ते तोंड पुसलं होतं. रात्री उठून श्वास चालू आहे ना ते पाहिलं होतं. एका शब्दासाठी डोळे लावून बसली होती. आणि शब्दांचा काही तुटवडा नव्हता. ते दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेले होते. विचारलं की नाही म्हणायचं. आणि ती बिचारी विश्वास ठेवून थांबली होती. चार वाजता कुलूप उघडलं की बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे, तिच्या हातातल्या पेल्याकडे संशयानं बघायचे, तेही तिनं आजाराच्या खात्यावर घातलं होतं.

कोण येत होतं? किल्ली कुणाकडे होती?

ती तशीच उठून खाली गेली. बरोबर त्यांच्या खालच्या घरात काकू राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या; पण तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेल्या. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या.

"काकू, एक विचारू? बाबा असताना दुपारी आमच्याकडे कोण यायचं?"

"दुपारी? कोण येणार? तूच की."

"मी कामावर असायची, काकू."

"असशील. पण दीडच्या सुमाराला परत यायचीस ना. जिन्यात पावलं वाजायची, कुलूप उघडायचं, मग तुमच्या बापलेकींच्या गप्पा. आमच्या छताच्या पंख्याच्या कड्यातून सगळं खाली ऐकू येतं. शब्द नाही कळायचे, पण आवाज यायचे." काकूंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "मला बरं वाटायचं. म्हटलं, बोलायला लागले एकदाचे."

"मग मला कधी बोलला नाहीत..."

"तुला काय बोलायचं? तू होतीसच की तिथे."

खारू जिना चढली. वर येईपर्यंत ऊन उतरलं होतं आणि बाबांच्या खोलीत कोपरे दिसेनासे झाले होते. तिनं दिवा लावला. पलंग कधीच देऊन टाकला होता; फरशीवर त्याच्या चार पायांचे फिकट चौकोन तेवढे होते. तिनं त्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि परत टेबलाशी बसून कानाला हेडफोन लावले. माइक बाबांच्या उशाशी असे. पायथ्याशी कुणी बसून हळू बोललं, तर साध्या स्पीकरवर ती नुसती शांतताच वाटली असती. तिनं आवाज जाईल तेवढा चढवला आणि बाबा जिथे थांबत होते, त्या जागा ऐकू लागली.

आधी सूं सूं. मग कापड घासल्याचा आवाज. मग एक बाई बोलली.

"औषध घेतलंत का, बाबा?"

खारूनं हेडफोन काढले, परत घातले, फाइल मागे नेली. स्वतःचा आवाज माणसाला लवकर ओळखू येत नाही. पण हा आवाज ती नुकताच संध्याकाळच्या फाइलींत ऐकून आली होती. शब्दाच्या शेवटी किंचित उचलणारा, 'बाबा'मधला दुसरा 'बा' लांबवणारा. तो तिचा होता.

तिनं तारीख बघितली. परीक्षेचा दिवस. त्या दिवशी एक ते पाच ती लॅबमध्ये होती. साठ मुलं आणि मास्तर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बाथरूमलासुद्धा जायला मिळालं नव्हतं.

मग ती अगदी सुरुवातीला गेली. थेरपिस्ट बाई यायच्या बंद झाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. कुलूप उघडलं. पावलं आली. खुर्ची ओढली गेली.

"बाबा, मला ओळखलंत ना?"

बराच वेळ घशातली घरघर. मग बाबांचा जाड, अडखळता, नुकता सुटत असलेला आवाज. "खा... खारू."

"हो. मीच. आता नीट ऐका. तुमचं बोलणं येईल हळूहळू. माझ्याशी बोला, दुपारी. फक्त माझ्याशी. आणि..." इथे तो आवाज इतका खाली गेला की खारूनं डोळे मिटून घेतले, तेव्हा कुठे शब्द लागले. "संध्याकाळी येते ती मी नाही. तिच्यासमोर तोंड उघडू नका."

"ती... कोण?"

"ते नका विचारू. माझ्यासारखीच दिसते. तिला कळलं की तुम्हाला कळलंय, तर ती मला येऊ देणार नाही."

म्हणजे बाबांनी फसवलं नव्हतं. बाबा जिवाच्या भीतीनं गप्प राहिले होते, आणि तेही तिच्यासाठी. खारू परत यावी म्हणून ते खारूशी बोलत नव्हते. मघापासून साचलेला राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. ज्याच्यावर काढायचा, त्याला चेहरा नव्हता, आणि होता तो तिचाच.

चौथ्या वर्षीच्या एका दुपारच्या फाइलीत तर बाबा संध्याकाळी बोलून टाकायच्या अगदी जवळ आले होते.

"ती वाईट नाही गं," ते म्हणत होते. "पाणी पाजते ते मायेनं पाजते. काल रडत होती. अगदी तुझ्यासारखी रडते. मला वाटलं, एक शब्द बोलावं..."

"म्हणूनच सांगते ना, बाबा. माझ्यासारखीच रडते. तेच तर तिचं काम."

आणि बाबा हळूच म्हणाले, "बरं. नाही बोलत."

शेवटच्या दिवसाच्या दोन फाइली होत्या. दुपारच्या फाइलीत बाबांना धाप लागली होती. "आज जाईन असं वाटतं. तू थांबशील का संध्याकाळी?" त्यावर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. पावलं दारापर्यंत गेली, कुलूप बाहेरून लागलं. दुसरी फाइल संध्याकाळची. ती खारूनं लावली नाही. त्यात काय आहे ते तिला पाठ होतं. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसून म्हणत होती, बाबा, एकदा खारू म्हणा, एकदाच. आणि बाबांनी ओठ घट्ट मिटून, डोळे ताणून तिच्याकडे पाहिलं होतं. ती नजर ओळख नसलेल्याची आहे, असं समजून आठ महिने तिनं स्वतःची समजूत घातली होती.

आता मात्र ती रडली. बराच वेळ, आवाज न करता. काकूंना खाली ऐकू जाईल म्हणून.

सात वाजत आले होते. एकटीनं हे धरून बसवेना. कुणालातरी ऐकवायलाच हवं होतं, आणि जो माणूस सहा वर्षं तिला रोज दुपारी डोळ्यांनी लॅबमध्ये बघत होता, त्याच्याइतकं योग्य दुसरं कुणी नव्हतं. मास्तर म्हणाले असते, खारू, त्या दिवशी तू इथेच होतीस, मी साक्षीदार आहे. तेवढं एक वाक्य तिला हवं होतं.

फोन खूप वेळ वाजला. मग उचलला गेला, पण पलीकडून कुणी बोललं नाही.

"मास्तर, मी बोलतेय."

श्वास ऐकू येत होता.

"मास्तर? मी खारू. त्या डिस्कमध्ये ना... तुम्ही येऊ शकाल का इकडे? आत्ता?"

मग लांबून, घरातून, मास्तरांच्या बायकोचा आवाज: "कोण आहे हो?"

मास्तरांनी फोनवर हात ठेवला असावा, पण नीट बसला नव्हता.

"तीच," ते हळू आवाजात बायकोला म्हणाले. "तीनच्या सुमाराला खारूनं फोन करून सांगितलं होतं ना, की संध्याकाळी फोन येईल म्हणून... आवाज अगदी हुबेहूब आहे गं. नंबरसुद्धा तोच."

"ठेवा. ठेवून द्या फोन. बोलू नका तिच्याशी."

"नाही बोलत."

फोन कट झाला.

तीन वाजता खारू याच खुर्चीत बसून बाबांचा आवाज ऐकत होती. फोन टेबलावर पालथा पडलेला होता. तिनं त्यावरून गेलेल्या कॉलची यादी उघडली. दुपारी दोनला मास्तरांना केलेला एक, आणि हा आत्ताचा. मधे काही नव्हतं.

तिनं पुन्हा नंबर लावला. मास्तरांचा फोन व्यस्त होता. तिनं दोन मिनिटं थांबून पाहिलं, पाच मिनिटं थांबून पाहिलं, अर्ध्या तासानं पाहिलं. मास्तर कुणाशी तरी बोलत होते, आणि ते बोलणं काही संपत नव्हतं.